प्लास्टर घट्ट झाले, पण वाळले का?

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे मलकापूरकडे निघाले की हवेतला फरक लगेच जाणवतो. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि भिंती रात्रीही तापलेल्या असतात. मग जूनमध्ये पाऊस लागतो आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे उलटे होते. पापड सादळतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात.

या दोन ऋतूंत एक पांढरी पावडरही वेगवेगळी वागते. छताला पीओपीचे काम करणारा कारागीर उन्हाळ्यात अर्धे उरलेले पोते तोंड दुमडून कोपऱ्यात ठेवतो आणि पुढच्या कामाला तेच काढतो. पावसाळ्यात मात्र तसेच ठेवलेले पोते काही दिवसांनी उघडले, तर आत खडे झालेले असतात. चाळून घेतले तरी ती पावडर पहिल्यासारखी धरत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातले प्रश्नही ऋतूप्रमाणे बदलतात. हात मोडलेल्या मुलाचे आईवडील मे महिन्यात विचारतात, ‘एवढ्या उन्हात प्लास्टर ढिले तर पडणार नाही ना?’ जुलैमध्ये त्यांचा प्रश्न असतो, ‘घालून दोन दिवस झाले, अजून हाताला गारच लागते. हे वाळणार कधी?’

पोत्यातले खडे आणि आईवडिलांचे हे दोन प्रश्न यांचे उत्तर एकच आहे. ते जिप्सम नावाच्या खनिजात आणि त्यातल्या पाण्यात आहे. जिप्सम तापवले की पाणी सोडते आणि पाणी मिळाले की ते परत घेते. या देवाणघेवाणीवरच मोडलेल्या हाडाचे प्लास्टर, दातांचे साचे, छताची नक्षी आणि गणपतीची मूर्ती उभी आहे. मात्र कोणते पाणी गेले आणि कोणते राहिले, यात गल्लत झाली की नुकसान होते. कधी पोते वाया जाते, कधी प्लास्टर मोडते, तर कधी त्वचा भाजते.

एका दगडात दोन प्रकारचे पाणी

जिप्सम हा नखानेही ओरखडा उठेल इतका मऊ दगड आहे. भारतात तो मुख्यतः राजस्थानातल्या खाणींतून येतो. शिवाय फॉस्फेटयुक्त खतांच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणूनही तो मोठ्या प्रमाणावर मिळतो. रसायनशास्त्राच्या भाषेत तो कॅल्शियम सल्फेट आहे, आणि त्याच्या प्रत्येक घटकाबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. वजनाचा हिशेब केला तर शुद्ध जिप्सममध्ये जवळजवळ २१ टक्के पाणी असते. म्हणजे किलोभर खड्यात सुमारे २०९ ग्रॅम, साधारण एक पेलाभर पाणी.

हा खडा कागदावर ठेवला तर कागद ओला होत नाही. हातात घेतला तर तो कोरडाच लागतो. कारण हे पाणी ओलावा म्हणून साठलेले नसते. स्फटिकाच्या रचनेत कॅल्शियम आणि सल्फेटच्या थरांमध्ये त्याच्या ठरलेल्या जागा असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात.

स्फटिकजल आपल्या घरातही भेटते. तुरटीचा खडा तव्यावर ठेवला की आधी तो पाघळतो, बुडबुडे येतात आणि शेवटी पांढरी, हलकी, फुललेली लाही उरते. तुरटीतले स्फटिकजल वाफ होऊन जाते, म्हणून ती फुलते. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद तापवून पाहिलेल्यांना निळा रंग जाऊन पांढरी पूड उरल्याचे आठवत असेल. त्या पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की निळा रंग परत येतो. जिप्समचा खेळ याच जातीचा आहे. फक्त तो रंगातून दिसत नाही, ताकदीतून दिसतो.

दुसरे पाणी अगदी वेगळे. विटेत, कपड्यात किंवा ओल्या भिंतीत जसे पाणी मुरते, तसे ते जिप्समच्या बारीक छिद्रांत आणि स्फटिकांच्या फटींत बसलेले असते. त्याला मोकळे पाणी म्हणता येईल. वारा आणि ऊन लागले की ते उडून जाते आणि जिप्समची रचना बदलत नाही.

या दोन पाण्यांतला फरक समजला की मे महिन्यातल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. बांधकामाच्या जिप्समची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत नमुन्यातले फक्त मोकळे पाणी काढायचे असते, स्फटिकजलाला धक्का लावायचा नसतो. त्यासाठी अमेरिकी मानक पद्धतीत नमुना सुमारे ४५ अंश तापमानाला वाळवतात. म्हणजे मलकापूरच्या कडक उन्हाळ्यात दुपारी जेवढे तापमान असते, तेवढेच. त्या उष्णतेत जिप्सम कोरडा होतो, पण जिप्समच राहतो. त्यामुळे हातावरचे प्लास्टर घाटाखालच्या उन्हाने विरघळत नाही की ढिले पडत नाही. उन्हाळ्यातला खरा त्रास आतून होतो. घामाने आतला कापूस ओला होतो आणि खाज सुटते.

भट्टीत पाऊण पाणी जाते

स्फटिकजल घालवायचे तर भट्टी लागते. जिप्समची पूड साधारण १२० ते १६० अंशांपर्यंत तापवली की ती उकळल्यासारखी खदखदू लागते. बाहेर पडणारी वाफ पुडीला हलवत असते. या टप्प्यावर दोन रेणूंपैकी दीड रेणू पाणी निघून जाते, म्हणजे चारपैकी तीन हिस्से. एक किलो जिप्समपासून सुमारे ८४३ ग्रॅम पावडर उरते. हेच प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले.

भट्टीतून जाते ते नेमके पाणीच आहे, हे दाखवण्यात आधुनिक रसायनशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या आंत्वान लाव्हाझिए याचा मोठा वाटा आहे. १७६५ साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध जिप्समवरच होता. जिप्सम तापवल्यावर निघणारी वाफ पाण्याची असते आणि प्लास्टर पाणी परत घेते म्हणून घट्ट होते, हे त्याने प्रयोगांतून मांडले. कारागीर पिढ्यानपिढ्या जे करत आले होते, त्याचे कारण तेव्हा कागदावर आले.

भट्टीवाल्याला मात्र योग्य वेळी थांबावे लागते. तापमान २०० अंशांच्या आसपास गेले की उरलेले अर्धे रेणू पाणीही जाते. अशी पूड इतकी तहानलेली असते की हवेतली वाफही ओढून घेते. त्याही पुढे, कित्येक शे अंशांपर्यंत तापवले, तर स्फटिक घट्ट बसतात आणि पाण्याला दाद देईनासे होतात. कारखान्यात त्याला जळून मेलेले प्लास्टर म्हणतात. त्यात पाणी घातले तर नुसता चिखल होतो.

तापमानाइतकेच भोवतालच्या वाफेलाही महत्त्व आहे. उघड्या भट्टीत कोरड्या हवेत पाणी झपाट्याने निघते आणि कण खडबडीत, भेगाळलेले होतात. बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली हेच काम केले तर पाणी सावकाश निघते आणि कण भरीव, सुबक होतात. दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच, पण वागणे वेगळे. दातांच्या दवाखान्यात हा फरक रोज उपयोगी पडतो. साध्या प्लास्टरच्या १०० ग्रॅम पुडीला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी लागते, तर कवळीच्या साच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डेंटल स्टोन’ला २८ ते ३० मिलिलिटर पुरते. पाणी कमी लागले की मागे पोकळी कमी राहते आणि साचा अधिक कणखर होतो.

पाणी परत येते, उष्णता घेऊन

आता उलटा प्रवास. पांढऱ्या पट्टीवर लावलेली ही पूड पाण्यात बुडवली की थोडी विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात जेवढे विरघळते, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच जिप्सम विरघळू शकते. त्यामुळे पाण्यात लगेच जादा माल होतो आणि तो जिप्समच्या सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सुया वाढतात, एकमेकींत अडकतात आणि काही मिनिटांत लगद्याचा दगड होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने दिलेले हे स्पष्टीकरण आजही पायाभूत मानले जाते.

याच गुणाचा उपयोग डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस माथायसेन याने १८५१ साली केला. कापडी पट्टीत कोरडी पूड चोळून ठेवायची आणि गरजेच्या वेळी ओली करून गुंडाळायची, अशी त्याची युक्ती होती. त्यापूर्वी हाड बसवल्यावर पिठाच्या खळीने किंवा अंड्याच्या पांढऱ्याने ताठ केलेल्या पट्ट्या वापरत. त्या ताठ व्हायला बराच वेळ लागे आणि तोवर हाड सरकण्याची भीती असे. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह याने क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांवर प्लास्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. आज तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही ही पट्टी मिळते, कारण ती स्वस्त आहे आणि हाताच्या आकारावर हवी तशी बसते.

मात्र भट्टीत जिप्समला जी उष्णता द्यावी लागली, तिचा काही भाग पाणी परत येताना बाहेर पडतो. म्हणून ओले प्लास्टर घातल्यावर हात आतून गरम लागतो. पातळ थरात ही उष्णता हवेत निघून जाते आणि ऊब पाच-दहा मिनिटांत ओसरते. थर जाड असेल किंवा पट्टी गरम पाण्यात बुडवलेली असेल, तर उष्णता आत कोंडते. प्लास्टर घातलेला पाय लगेच उशीवर किंवा प्लास्टिकच्या कापडावर ठेवला तरी हेच होते, कारण खालच्या बाजूने वारा लागत नाही. अशा वेळी त्वचा भाजू शकते.

ही भीती पुस्तकी नाही. २००७ साली इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या एका शाळेत १६ वर्षांच्या मुलीने कलेच्या तासाला हाताचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या भांड्यात बुडवले. प्लास्टर घट्ट झाले, हात निघेनात आणि आत उष्णता वाढत गेली. तिची बहुतेक बोटे काढून टाकावी लागली. शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा हौसेने हाताचे ठसे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. प्लास्टरच्या लगद्यात हात किंवा पाय कधीही पूर्ण बुडवू नये, मुलांचा तर नाहीच.

रुग्णाने एवढेच पाहायचे की ऊब सहन होण्याइतकी आहे का. प्लास्टर घालताना किंवा लगेच नंतर चटका बसतो आहे असे वाटले, तर संकोच न करता तिथल्या तिथे सांगावे. ‘होईल सवय’ म्हणून दम धरायची ही जागा नव्हे.

घट्ट झाले म्हणजे वाळले असे नाही

जुलैमधल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. रासायनिक हिशेबाने १०० ग्रॅम प्लास्टरला पुन्हा जिप्सम व्हायला अवघे १८.६ ग्रॅम पाणी लागते. पण तेवढ्याच पाण्यात पूड नीट भिजतही नाही, तिला आकार देणे तर दूरच. म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वापरले जाते. त्यातले १८.६ ग्रॅम स्फटिकात बांधले जाते आणि उरलेले सुयांच्या मधल्या फटींत मोकळे राहते.

प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, कारण स्फटिकजल आपल्या जागी बसलेले असते. ते वाळते मात्र मोकळे पाणी उडून गेल्यावर. थराच्या जाडीप्रमाणे त्याला एक ते तीन दिवस लागतात. दरम्यान ते हाताला गार आणि वजनाला जड लागते, टिचकी मारली तर बद्द आवाज येतो. वाळल्यावर ते हलके होते आणि आवाज खणखणीत येतो. ओल्या जिप्समची ताकद कोरड्याच्या तुलनेत साधारण निम्मीच असते, कारण फटींतले पाणी सुयांची एकमेकींवरची पकड ढिली करते.

उन्हाळ्यात घाटाखालची कोरडी हवा हे पाणी भराभर उचलते. पावसाळ्यात हवाच वाफेने भरलेली असते, त्यामुळे तेच प्लास्टर रेंगाळते. त्यात चूक कोणाची नसते, पण काळजी वाढवावी लागते. पहिले दोन-तीन दिवस प्लास्टर उघडे ठेवावे, त्यावर चादर किंवा प्लास्टिक घालू नये. पंख्याचा वारा लागू द्यावा. हात किंवा पाय उचलताना बोटांनी दाबून न धरता तळव्यांवर तोलावा. ओल्या प्लास्टरमध्ये बोटाचा खळगा पडला, तर तो तसाच वाळतो आणि आतून त्वचेला टोचत राहतो. पायाच्या प्लास्टरवर भार कधी टाकायचा हे डॉक्टर सांगतील तेव्हाच.

लवकर वाळावे म्हणून चुलीजवळ बसणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडणे टाळावे. बाहेरचा थर आधी वाळून तडकतो, आत ओल राहते आणि गरम झालेले प्लास्टर त्वचेला भाजू शकते.

पूर्ण वाळलेले प्लास्टर नंतर भिजले, तरी स्फटिक लगेच विरघळून जात नाहीत. पण फटींत पुन्हा पाणी शिरते, पकड सुटते आणि वापरात प्लास्टर मऊ पडून मोडते. आतला कापूस भिजला की तो सहज वाळत नाही. त्वचा पांढरी पडून सोलवटते, वास येतो, कधी जंतुसंसर्ग होतो. म्हणून अंघोळीच्या वेळी प्लास्टिकची पिशवी बांधावी, आणि तरीही भिजलेच तर दवाखान्यात दाखवावे. फायबरचे प्लास्टर जिप्समचे नसते, त्याचे बाहेरचे कवच पाण्याने मऊ होत नाही. पण आतल्या साध्या कापसाला हाच नियम लागू आहे.

ओल्या जिप्समचा हा मऊपणा एका ठिकाणी मुद्दाम वापरतात. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांना पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला नवे प्लास्टर घालतात. जुने काढण्याआधी ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करण्याची पद्धत अनेक दवाखान्यांत आहे. त्यामुळे यंत्राच्या आवाजाने बाळ घाबरत नाही. अर्थात हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करायचे.

काही लक्षणे मात्र कोणत्याही ऋतूत थांबून पाहण्याची नाहीत. प्लास्टरबाहेरची बोटे निळी, पांढरी किंवा गार पडणे, बधिर होणे, हलवता न येणे, सूज वाढत जाणे, गोळी घेऊनही कळ वाढत जाणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावे. आत सूज वाढून रक्तपुरवठा अडलेला असू शकतो, आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही हात किंवा पाय कायमचा अधू करू शकतो.

पोत्यातले खडे आणि न विरघळणारी मूर्ती

कारागिराच्या पोत्यात खडे का झाले, हे आता सांगता येते. पावसाळ्यातल्या हवेतली वाफ पुडीच्या कणांवर बसली आणि त्या कणांचे कोपऱ्यातल्या कोपऱ्यात जिप्सम झाले. खडे चाळून काढले तरी उरलेल्या पुडीत जिप्समचे बारीक कण मिसळलेले राहतात. नवे स्फटिक या कणांभोवती चटकन वाढू लागतात, त्यामुळे अशी पावडर कधी हातात असतानाच घट्ट होते आणि काम कच्चे राहते. कालच्या कामाचे तुकडे राहिलेली बादली न धुता वापरली तरी हेच होते. म्हणून पोते जमिनीपासून उंच, हवाबंद पिशवीत ठेवावे आणि आधी आणलेले आधी संपवावे. दवाखान्यातल्या पट्ट्या बंद पाकिटात येतात, त्याचेही कारण हेच.

एकदा घट्ट झालेल्या वस्तूचे पाण्याने पुन्हा पीठ होत नाही. गणेशोत्सवानंतर दिसणारे चित्र यातूनच येते. पीओपीची मूर्ती म्हणजे घट्ट झाल्यावर जिप्समच. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे एक किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला सुमारे ४०० लिटर पाणी हवे, आणि वर रंगाचा थर असतो तो वेगळाच. त्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय सुचवला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की तिचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते. पहिला पदार्थ तळाशी गाळ म्हणून बसतो आणि दुसरा खतासारखा वापरता येतो.

आगीत पाणी जाते, जमिनीखाली येते

पाणी जाण्याचा उपयोग आगीतही होतो. कार्यालयांत आणि रुग्णालयांत खोल्या पाडायला जिप्समचे फळे वापरतात. आग लागली की फळ्यातले २१ टक्के पाणी वाफ होऊ लागते आणि आगीची उष्णता त्या कामी खर्च होते. पाणी संपेपर्यंत फळ्याच्या मागच्या बाजूचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. माणसांना बाहेर पडायला तेवढी मिनिटे मिळतात. मात्र आगीत सापडलेला फळा वरून धड दिसला तरी आतून भुसभुशीत झालेला असतो. तो बदलावाच लागतो.

पाणी येण्याची ताकद किती असते, हे जर्मनीतल्या श्टाउफेन गावाने पाहिले. तिथे २००७ साली भूगर्भातली उष्णता वापरण्यासाठी सुमारे १४० मीटर खोल विंधनविहिरी खणल्या. खाली पाणी नसलेल्या कॅल्शियम सल्फेटचा थर होता. विहिरींतून त्यात भूजल शिरले, थराचे जिप्सम होऊ लागले आणि तो फुगला. जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. हातावर सुबक बसणारी पट्टी आणि गाव उचलणारा थर, दोन्हीकडे क्रिया एकच.

पूर्णेच्या खोऱ्यातला ओव्हन

मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या काळ्या चिकण मातीत सोडियम जास्त असतो. माती पाणी मुरू देत नाही, ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर दगड होते. जिप्समच्या कॅल्शियमने सोडियमची जागा घ्यावी आणि पावसाच्या पाण्याने सोडियम निचऱ्यातून वाहून जावा, यासाठी अशा जमिनीत जिप्सम टाकतात. किती टाकायचे हे माती परीक्षणावरून ठरते, आणि निचरा नसेल तर नुसत्या जिप्समने काम होत नाही.

इथेही दोन पाण्यांची गल्लत होऊ शकते. मातीतला किंवा खतातला ओलावा काढण्यासाठी नमुना साधारणपणे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. जिप्समचा नमुना तसाच ठेवला तर त्याचे स्फटिकजलही निघू लागते आणि कोरडा माल ओला ठरतो. म्हणून जिप्सम असलेल्या नमुन्यांसाठी तापमान बरेच कमी ठेवतात. ४५ अंशांना वाळवले तर ओलावा मोजला जातो, १०५ अंशांना वाळवले तर दगडच मोडायला लागतो.

दवाखान्यात हेच उलट्या बाजूने लक्षात ठेवायचे. हाताला घट्ट लागणारे प्लास्टर म्हणजे स्फटिकजल आत बसले, एवढीच खूण. मोकळे पाणी जायचे बाकी आहे, आणि पावसाळ्यात ते सावकाश जाते. म्हणून जुलैमध्ये हात मोडलेल्या मुलाला दोन दिवस खेळायला सोडण्याऐवजी पंख्याखाली बसवणे, हाच त्याच्या प्लास्टरवरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे.